६० मिलिच्या आतली बाटली

भोसरी एमआयडीसीत एका छोट्या परफ्यूम कंपाउंडिंग युनिटमध्ये मी काही वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. आमच्याकडे सगळ्यात लवकर संपणारा ड्रम डीईपीचा, म्हणजे डायइथाइल थॅलेटचा. रंग नाही, वास जवळजवळ नाही, हाताला तेलकट. पण पाण्यात थेंब टाकला की तेलासारखा तरंगत नाही, सरळ तळाला जाऊन बसतो. मस्क कीटोन, व्हॅनिलिन अशा सुगंधी पदार्थांचे स्फटिक त्यात छान विरघळतात, महागडं कंपाउंड, म्हणजे तयार सुगंधी मिश्रण, त्यात वाढवता येतं आणि सुगंध जरा बेतानं उडतो. रविवार पेठेतून अगरबत्तीचा माल उचलणाऱ्यांना हे नाव पाठ असतं. कच्च्या काड्या ज्या मिश्रणात बुडवतात, त्यात बऱ्याचदा सुगंधापेक्षा डीईपीच जास्त.

हे आत्ता लिहायचं कारण माझी भाची. तिला सहावा लागलाय. थॅलेटमुळे पोटातल्या बाळाला काय काय होतं, असा एक व्हिडिओ तिला कोणीतरी पाठवला आणि रात्री साडेदहाला तिचा फोन: "मावशी, तू त्या लाइनमध्ये होतीस ना? सगळं फेकून देऊ का?"

दुसऱ्या दिवशी सहकारनगरला तिच्याकडे गेले. बाथरूममधलं आणि आरशासमोरचं सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं, चष्मा लावला आणि एकेक लेबल वाचायला बसले.

आधी एक गोष्ट तिला नीट सांगितली, तीच इथेही सांगते. थॅलेट हे एक रसायन नाही. बरीच आहेत आणि सगळ्यांचा धोका सारखा नाही. डीईएचपी हे पीव्हीसी प्लास्टिक मऊ करायला वापरतात. ते आपल्या पोटात जातं ते मुख्यतः खाण्यातून. डीबीपी नेलपेंटमध्ये असायचं, कारण नायट्रोसेल्युलोजचा थर एकटा ठिसूळ असतो, डीबीपीमुळे तो लवचिक राहतो आणि टवके उडत नाहीत. डीईपी सुगंधात. पहिल्या दोघांवर प्राण्यांमधला पुरावा भक्कम आहे: गर्भातल्या नराचं पुरुष संप्रेरक कमी पडतं. युरोपनं २००४ च्या निर्देशानं ही दोन्ही सौंदर्यप्रसाधनांतून काढून टाकली. डीईपीवर तिथे बंदी नाही, आणि अमेरिकेचं एफडीए, म्हणजे तिथलं अन्न-औषध प्रशासन, तेही म्हणतं की प्रसाधनांतल्या वापरानं धोका असल्याचा पुरावा आमच्यापाशी नाही.

मग काळजी कशाची? २००५ मध्ये अमेरिकेत शॅना स्वान या संशोधिकेनं आणि सहकाऱ्यांनी गरोदर बायकांच्या लघवीतली थॅलेटची चयापचयं, म्हणजे शरीरात थॅलेट मोडून तयार होणारी द्रव्यं, मोजली आणि त्यांच्या तान्ह्या मुलग्यांमध्ये गुदद्वार ते जननेंद्रिय हे अंतर मोजलं. आईच्या लघवीत प्रमाण जास्त, तर मुलाचं अंतर कमी, आणि हे अंतर कमी असणं ही गर्भात पुरुष संप्रेरक कमी पडल्याची खूण मानतात. पुढे २०१५ मध्ये त्यांनीच मोठा अभ्यास केला, त्यात डीईएचपीचा संबंध दिसला, डीईपीचा नाही. म्हणजे माझ्या ड्रममधल्या द्रवावरचा आरोप त्या मानानं कच्चा आहे. व्हिडिओत यातलं काही नव्हतं. त्यात सगळी थॅलेटं एकाच माळेत ओवली होती.

आणखी एक सांगावं लागलं. या परिणामाचा नाजूक काळ गरोदरपणाच्या पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत येतो. तिचा तो होऊन गेला होता. हे ऐकल्यावर ती गप्प झाली, म्हणून पुढचं लगेच सांगितलं: हे आकडे शेकडो आयांच्या सरासरीतून दिसणारे लहान फरक आहेत, त्यावरून एका बाळाचं काहीच ठरत नाही. शिवाय थॅलेट शरीरात साठून राहत नाहीत, बहुतेक भाग दिवसभरात लघवीवाटे निघून जातो. कॅलिफोर्नियात सॅलिनासला १०० किशोरवयीन मुलींना तीन दिवस थॅलेट नसलेली प्रसाधनं वापरायला दिली, तर डीईपीचं चयापचय २७ टक्क्यांनी खाली आलं. तीन दिवसांत! हा अभ्यास २०१६ चा. मला यातलं सगळ्यात दिलाशाचं हेच वाटतं.

आता टेबलावरचं. डिओच्या डब्यावर स्वच्छ लिहिलं होतं की आतलं अल्कोहोल डायइथाइल थॅलेट घालून डिनेचर केलंय. ते कोणी पिऊ नये म्हणून कडू करतात, त्याचा सुगंधाशी संबंधही नसतो. पण निदान लिहिलं होतं. लोशन, शाम्पू, पावडर, सगळ्यांवर सुगंधाच्या जागी नुसतं 'परफ्यूम'. त्या एका शब्दाखाली पन्नास घटक असू शकतात आणि कायद्यानं ते उघड करावे लागत नाहीत. आमच्याकडून कंपाउंड नेणाऱ्या छोट्या साबणवाल्यांना फक्त कोड नंबर आणि एक सर्टिफिकेट मिळायचं. सर्टिफिकेट मीच टाइप करायचे: रंग, घनता, अपवर्तनांक. आत काय आहे हे साबण बनवणाऱ्यालाच माहीत नसायचं, तर ग्राहकाला कुठून कळणार?

तुळशीबागेतून आणलेल्या नेलपेंटच्या बाटल्यांवर तेवढंही नव्हतं. शेडचा नंबर, किंमत, संपलं. आणि घटकांची यादी नसणं नियमात बसतं. आपल्याकडे घटकांची यादी छापणं बंधनकारक आहे, पण द्रव ६० मिलिलिटरपेक्षा आणि घट्ट पदार्थ ३० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर सूट आहे. नेलपेंट, काजळ, लिपस्टिक, अत्तराची कुपी, सगळं या सुटीत. ज्या वस्तूंबद्दल विचारायला हवं, नेमक्या त्याच. मला याचा मनापासून राग येतो.

'डीबीपी नाही' असं लिहिलेलं नेलपेंटही डोळे मिटून घेऊ नका. त्याच्या जागी कित्येकांनी ट्रायफिनाइल फॉस्फेट हे थर लवचिक ठेवणारं दुसरं रसायन आणलं. २०१५ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी नेलपेंट लावल्यावर १० ते १४ तासांनी बायकांच्या लघवीत त्याचं चयापचय सुमारे सातपट वाढलेलं पाहिलं. दिवाळीचं उटणंही असंच डोळे मिटून घेऊ नका. पुडी फोडताच घमघमाट आला तर तो नागरमोथ्याचा नसतो. मंडईतून सुटा कचोरा, आंबेहळद, नागरमोथा आणून दळून घ्या, वास मंद येतो.

भाचीला सगळं फेकायला लावलं नाही. धुऊन जाणारे शाम्पू-साबण राहू दिले. डिओ, सुगंधी लोशन आणि नेलपेंट बाळ अंगावर पीत असेपर्यंत बंद. अंगाला खोबरेल तेल. बाळाला पावडर नाहीच, मग आजी कितीही म्हणोत. ऑफिसचा गरम डबा प्लास्टिकऐवजी स्टीलचा, आणि खरं तर यादीत हे पहिलं हवं. देवघरात अगरबत्तीऐवजी तुपाचं निरांजन. सासूबाईंनी ते एका शब्दात मान्य केलं.

मी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेला पत्र पाठवलंय. मागणी दोनच: ६० मिलि आणि ३० ग्रॅमची सूट काढा, बाटलीवर जागा नसेल तर खोक्यावर किंवा क्यूआर कोडवर यादी द्या, आणि 'परफ्यूम'मध्ये थॅलेट असेल तर ते नावानिशी लिहा. पत्राचा मसुदा मराठी आणि इंग्रजीत तयार आहे. ज्यांना आपल्या नावानं पाठवायचा असेल त्यांनी कळवा, पार्लर चालवणाऱ्या मैत्रिणींनी तर नक्कीच, कारण नेलपेंटच्या वाफेत दिवसभर त्याच बसलेल्या असतात.