एका गद्धेगाळाची नोंद करताना

नवी मुंबईतल्या खाडीकाठच्या एका जुन्या गावठाणात, देवळामागे, एक गद्धेगाळ उभा आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असे दगड चोरीला जातात. त्याची रीतसर नोंद करून लेख छापून येईपर्यंतचा माझा अनुभव इथे मांडतो आहे. मी इतिहासात एम. ए. केलं, ठाण्यात राहतो, नोकरी सांभाळून हे काम करतो.

गद्धेगाळ म्हणजे दानाची जमीन कुणी हिसकावू नये म्हणून दिलेली दगडी ताकीद. वर चंद्र, सूर्य आणि कलश, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत हे दान टिकावं. मध्ये कोरलेला लेख. खाली गाढव आणि स्त्री, म्हणजे दान मोडणाऱ्याला आईवरून दिलेली शिवी. उत्तर कोकणात शिलाहार राजघराण्याच्या काळात असे बरेच दगड उभे राहिले. ठाणे, म्हणजे तेव्हाचं श्रीस्थानक, हे त्यांच्या सत्तेचं मोठं केंद्र. उरणकडच्या रानवड आणि चांजे इथले शिलाहार राजा सोमेश्वर याचे कोरीव लेख १२५९-६० च्या आसपासचे आहेत. त्यामुळे आमच्या खाडीकाठी असा दगड सापडणं स्वाभाविक होतं.

सुरुवात ग्रंथालयातून केली. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं, तिथे बसून टिपणं काढली. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरचा चौदावा खंड गावागावांच्या स्थळांचा आहे, तो आधी चाळला. मग वा. वि. मिराशींनी संपादित केलेला शिलाहार लेखांचा खंड. हा १९७७ चा ग्रंथ समोर नसेल तर या कामाला हातच घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लिपी शिकायला वेळ लागतो. त्या काळच्या नागरीत ‘ए’ची मात्रा अनेकदा अक्षराच्या डोक्यावर नसून आधी उभ्या रेघेसारखी येते, आणि नवख्याला ती काना वाटते. आकडे तर फारच फसवे. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या लेखाचा शक पूर्वी ७८२ असा वाचला गेला होता. पुढे तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा ठरला. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षं पुढे सरकलं! म्हणून वर्षाबरोबर तिथी आणि वार दिला असेल तर तो जुन्या पंचांगाच्या कोष्टकांशी जुळवून पाहायचा. अंबरनाथच्या लेखात श्रावण शुद्ध नवमी, शुक्रवार असं आहे.

खरं काम गावात सुरू झालं. दगड संरक्षित यादीत नव्हता, त्यामुळे आधी देवस्थानच्या मंडळींची संमती घेणं गरजेचं होतं. वही, टेप आणि कॅमेरा घेऊन आलेला माणूस पाहिला की इथले लोक सावध होतात. एका आजीने सरळ विचारलं, “बाला, हे वाचून आमची जागा जानार तर नाय ना?” या प्रश्नामागे सगळा अलीकडचा इतिहास आहे. १९७० पासून शहरासाठी इथली शेती आणि मिठागरं संपादित झाली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच शेतकरी गेले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. आजींना मी दगडावर काय असतं ते सांगितलं. दान दिलेली जमीन कुणी घेतली तर त्याला शिवी, इतकं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, “मग बरोबर लिवलंय.” दुसऱ्या दिवशी त्यांच्याच नातवाने पाण्याची बादली आणून दिली.

ठसा घेण्याची पद्धत साधी आहे, पण घाई चालत नाही. दगड फक्त पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायचा. शेंदूर, तेल, पीठ, खडू काहीही लावायचं नाही. ओला कागद दगडावर बसवून जाड केसांच्या ब्रशने ठोकत जायचं, म्हणजे तो अक्षरांच्या खोबणीत उतरतो. कागद जरा सुकला की शाईचा बोळा हलक्या हाताने थोपटायचा. दगड काळा उमटतो, अक्षरं पांढरी राहतात. वारा सुटला की कागद उचलला जातो, म्हणून पहाटेच बसायचो. शिवाय संध्याकाळी बॅटरीचा प्रकाश अगदी आडवा टाकून फोटो घेतले. दुपारच्या उन्हात न दिसलेल्या दोन ओळी त्यात उठून आल्या.

राजाचं नाव आणि वर्ष झिजलं आहे. अक्षरांच्या वळणावरून बारावं-तेरावं शतक इतकंच म्हणता येतं. पण चतुःसीमेचा, म्हणजे दानाच्या जमिनीच्या चारी बाजूंच्या हद्दींचा, थोडा भाग शाबूत आहे, आणि त्यात पश्चिमेला समुद्र आहे. आज दगडाजवळ उभं राहिलं तर पश्चिमेला इमारती आणि रस्ता, पाणी कुठेच नाही. इथे मला भूगोलाने हात दिला. भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गावनकाशा काढला. नक्कल मिळवायला बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. नकाशात देवळाच्या पश्चिमेला लगेच खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याची खारी जमीन, आणि त्यापलीकडे मिठागराचे बांध होते. गावातल्या काकांनी मला चालत नेऊन उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कुठे होती ती जागा दाखवली. भरतीचं पाणी तिथूनच अडवायचे. आता तिथे गटाराचा चेंबर आहे. त्या जागेपासून दगडापर्यंत माप घेतलं तेव्हा लेखातली सीमा जमिनीवर बसली.

माझा लेख एका नियतकालिकाकडे पाठवला, तर उत्तर आलं की खाजण आणि जमीन संपादनाचा भाग काढा, तो इतिहासाचा विषय नाही. मी काढला नाही. ज्या दगडावर जमीन, महसूल आणि सत्तेची धमकी कोरली आहे, त्यातून जमीन वगळली तर उरतं ते फक्त अक्षरांचं वळण. दुसरीकडे तो नकाशासकट छापून आला.

ठशाची एक प्रत आणि वाचन देवस्थानाकडे दिलं आहे, दगडाला साधा कठडाही झाला आहे. तुमच्या गावात असा दगड असेल तर त्याला रंग देऊ देऊ नका आणि जागचा हलवू देऊ नका. आधी चारही बाजूंनी फोटो काढा, आजूबाजूच्या शेतांची जुनी नावं वयस्कर माणसांकडून लिहून घ्या, आणि मग राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. शेतांची नावं पहिल्यांदा घ्या, कारण ती सांगणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत.