आमची वाटचाल : अनोळखी माणसांचं टेबल

एकमेकांना अजिबात न ओळखणाऱ्या सहा जणांना आम्ही रेस्टॉरंटमध्ये एका टेबलावर जेवायला बसवतो, हाच आमचा व्यवसाय. तुम्ही फॉर्म भरायचा, मोकळा दिवस सांगायचा, टेबल आम्ही बुक करतो आणि आदल्या दिवशी पत्ता पाठवतो, सोबत कोण असणार ते तिथे गेल्यावरच कळतं. जेवायला सोबत मिळावी म्हणून कोणी पैसे देतं का असं लोकं विचारतात. देतात, आणि का देतात ते सांगायलाच हे लिहायला घेतलंय.

मी आधी बरीच वर्षं हॉटेल लाइनमध्ये होते. एकट्याने जेवायला येणारी माणसं रोज बघायचे, कोपऱ्यातलं टेबल मागणारी, मोबाईल समोर उभा करून पटापट जेवून निघणारी. त्यातल्या काहींना एकटंच जेवायला आवडतं आणि त्यात काही वाईट नाही. पण काही जण बिल दिल्यावरही उगाच वेटरशी बोलत थांबायचे. बदली होऊन नवीन शहरात आलेले, रिटायर झालेले, जोडीदार गेलेले, घटस्फोट झालेले, ऑफिसात दिवसभर माणसांत असतात आणि शनिवारी संध्याकाळी फोन करावा असं कोणी नसतं. मी आणि माझी पार्टनर, आम्ही दोघींनी मग नोकरी सोडून हे सुरू केलं.

कल्पना काही आमची नाही. जिम हेन्स नावाचा एक अमेरिकन माणूस पॅरिसमधल्या आपल्या घरी दर रविवारी अनोळखी लोकांना जेवायला बोलवायचा, कितीतरी वर्षं, २०२१ मध्ये तो गेला. आता यासाठी ॲपसुद्धा आहेत. पण आम्ही सुरुवात केली तेव्हा आम्हाला ऐकावं लागायचं की एकटेपणा म्हणजे काय आजार आहे का. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या विषयासाठी मंत्री नेमले, जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या अहवालात सांगितलं की जगात दर ६ माणसांमागे १ जण एकटेपणाने त्रस्त आहे आणि वर्षाला साधारण ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. आता तो प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

कामाचं सांगते. सहाच का, तर चौघांपेक्षा जास्त माणसं एकच गप्पा फार वेळ धरून ठेवू शकत नाहीत, मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनीही हेच मांडलंय. सहा असले की तीन-तीन किंवा दोन-चार अशा गप्पा फुटतात, परत जुळतात, आणि कोणाशी सूर नाही जुळला तर दुसऱ्या बाजूला वळता येतं. टेबल शक्यतो गोल, लांब टेबल असेल तर कमी बोलणाऱ्याला टोकाला बसवायचं नाही, स्पीकरजवळची जागा नको. पदार्थ मधे ठेवून वाटून घेतले तर उत्तम, कारण हे जरा इकडे द्या एवढं बोलण्यावरूनसुद्धा ओळख सुरू होते. बिल कसं वाटायचं ते बुकिंगच्या वेळीच ठरलेलं असतं, शेवटी कोणाला अवघडायला नको. आयत्या वेळी कॅन्सल करणारे असतातच, म्हणून ऐनवेळी येऊ शकणाऱ्यांची एक वेटिंग लिस्ट ठेवतो. धीर करून जो माणूस आलाय त्याच्यासमोर रिकाम्या खुर्च्या नकोत, यावर आम्ही दोघी फार कडक आहोत. रेस्टॉरंटवाल्यांशी बोलणी सोपी असतात, आठवड्याच्या सुरुवातीला टेबलं रिकामीच असतात, आमची अट एवढीच की जेवण झालं तरी यांना उठवायची घाई करू नका.

पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं आहे ते दुसरं जेवण. पहिलं जेवण बहुतेक वेळा छान होतं, लोकं हसतात, फोटो काढतात, आणि मग काहीच होत नाही! दुसऱ्या दिवशीच्या फीडबॅकमध्ये एक वाक्य सारखं यायचं, मला मजा आली पण बाकीच्यांना माझा कंटाळा आला असेल. एकाच टेबलावरून असं तिघा-चौघांनी लिहिलेलं असायचं! २०१८ चं एक मानसशास्त्रीय संशोधन हेच सांगतं की पहिल्या गप्पांनंतर आपल्याला वाटतं त्यापेक्षा आपण समोरच्याला जास्त आवडलेलो असतो. म्हणजे सहाही जण घरी बसून दुसऱ्याच्या मेसेजची वाट बघत असतात. म्हणून आम्ही प्रत्येकाला वेगळं विचारतो, पुन्हा कोणासोबत जेवायला आवडेल, आणि दोघांनीही एकमेकांची नावं दिली तरच नंबर देतो. एकाने दिलं आणि दुसऱ्याने नाही तर ते आमच्यापाशीच राहतं.

जेफ्री हॉल या संशोधकाने अंदाज काढलाय की ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि जवळच्या मैत्रीला २०० च्या वर. एक जेवण अडीच तासांचं, म्हणजे वीस जेवणं झाली तेव्हा कुठे मैत्रीची सुरुवात. दरवेळी नवीन चेहरे दाखवत राहिलो तर बुकिंग वाढेल, पण माणूस घरी जाऊन परत एकटाच. त्यामुळे आता आमचा मुख्य भर कायमच्या टेबलावर आहे, तेच सहा जण, पंधरवड्यातून एकदा, ठरलेला वार, ठरलेली जागा. निमित्त काढायला लागत नाही, कोणी कोणाला बोलवायचं हा प्रश्न नाही, वार आला की जायचं.

काही टेबलं पुढे स्वतःच भेटायला लागतात आणि आमची फी बंद होते, यात धंदा कसा चालणार असं आमचे सीए दर वर्षी विचारतात. चालतो, कारण नवीन येणाऱ्यांमधले खूप जण अशाच टेबलावरच्या कोणीतरी पाठवलेले असतात.

सध्या दुपारच्या टेबलांचं काम चालू आहे, रात्री बाहेर पडणं ज्यांना जमत नाही आणि गोंगाटात ज्यांना नीट ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. पायऱ्या नसलेली, शांत, टॉयलेट त्याच मजल्यावर असलेली रेस्टॉरंट शोधणं वाटलं होतं त्यापेक्षा अवघड जातंय, पण दोन मॅनेजर तयार झालेत आणि पहिल्या टेबलासाठी नावं यायला लागलीत.