स्पूल गन निवडताना अँपिअर सगळ्यात शेवटी बघा

घरच्या मिग मशिनवर (वायर आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन) ॲल्युमिनियम जोडायचं ठरलं की स्पूल गनचा, म्हणजे वायरचं छोटं रीळ अंगावरच असलेल्या वेल्डिंग गनचा शोध सुरू होतो, आणि डब्यावर सगळ्यात ठळक छापलेला असतो तो अँपिअरचा आकडा. १५०, २००, २५०. घरगुती मशीन मुळात १४० ते २०० अँपिअरच्या पुढे जात नाही. त्याला २५० अँपिअरची गन लावली तर मनगटावर वजन तेवढं वाढतं. निवड करायची ती प्लग, मोटर, रिळाचा ब्रेक आणि टिप (गनच्या टोकाचा, वायर बाहेर येण्याच्या भोकाचा तुकडा) बघून. का, ते पुढे.

ॲल्युमिनियमची वायर मऊ असते. स्टीलची वायर मागून ढकलली की सळईसारखी पुढे सरकते, ॲल्युमिनियमची सुतळीसारखी वागते. टिपमध्ये एखादा शिंतोडा अडकला किंवा केबलला वळण पडलं की वायर पुढून थांबते, पण मशिनमधले रोलर थांबत नाहीत. मिनिटाला १० मीटरच्या वेगाने दोन सेकंदांत ३३ सेंटिमीटर वायर रोलर आणि लायनरचं (केबलमधल्या वायरच्या नळीचं) तोंड यांच्या मधल्या फटीतून बाहेर फुटते आणि गुंता होतो. स्पूल गनमध्ये १०० मिलिमीटरचं छोटं रीळ आणि रोलर गनवरच असतात, त्यामुळे तीन मीटरऐवजी वीतभर ढकलायचं उरतं.

स्पूल गनशिवाय जमतं का? जमतं, पण अटी आहेत. टेफ्लॉनचा लायनर, गुळगुळीत यू खाचेचे रोलर, रोलरपासून लायनरपर्यंत फट जवळजवळ शून्य, केबल सरळ, आणि शक्यतो १.२ मिलिमीटरची ५३५६ वायर, कारण ती ४०४३ पेक्षा ताठ असते (हे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे क्रमांक). महिन्यातून एखादा कंस जोडायचा असेल तर एवढं पुरतं. ०.९ मिलिमीटरची ४०४३ मात्र या मार्गाने चालवायला जाऊ नये. पुश-पुल गन सगळ्यात चांगली, पुढे मोटर आणि मागे मोटर, मोठं रीळ मशिनमध्येच. पण ती घरगुती मशिनला सहसा बसत नाही आणि बसली तरी बऱ्याचदा मशिनपेक्षा महाग पडते.

आधी प्लग

गन जोडायची म्हणजे करंट, गॅस आणि मोटर-ट्रिगरच्या तारा अशा तीन गोष्टी जोडायच्या. पहिल्या दोन युरो कनेक्टर असेल तर एका झटक्यात होतात. घोळ तिसऱ्यात असतो. गनमधल्या मोटरला वीज मशिनकडूनच मिळते. ती किती व्होल्टची, कुठल्या पिनवर, आणि वेग मशीन ठरवणार की गनवरचा नॉब, याचा सगळ्यांनी पाळलेला नियम नाही. दोन प्लग दिसायला सारखे, पिनाही तेवढ्याच, आणि आतली जोडणी वेगळी, असं सर्रास असतं. १२ व्होल्ट देणाऱ्या मशिनवर २४ व्होल्टची मोटर रांगते, नॉब कितीही फिरवला तरी वायर वेग धरत नाही. उलट्या जोडीत मोटर तापून जळते.

म्हणून मशीन ज्या कंपनीचं आहे तिची गन घेणं हा कंटाळवाणा पण बरोबर सल्ला आहे. मिलरची स्पूलमेट १०० आणि लिंकनची मॅग्नम १०० एसजी या दोन्ही घरगुती आकाराच्या गन आहेत, पण आपापल्या कंपनीच्या ठरावीक मशिनांसाठी बनलेल्या. एकीची दुसरीकडे चालत नाही. युरो कनेक्टरची स्वस्त गन घ्यायची असेल तर मशिनच्या पुस्तकातली पिनांची आकृती आणि गनची आकृती शेजारी ठेवून बघा. गनची आकृती मिळतच नसेल तर ती गन सोडून द्या. मशिनला स्पूल गनचं सॉकेटच नसेल तर स्वतंत्र वीजपुरवठा आणि रिले असलेला कंट्रोल बॉक्स लागतो, आणि तिथे मशीन बदलण्याचा हिशेब आधी करून बघावा.

सॉकेट असलेल्या बऱ्याच मशिनांत मिग आणि स्पूल गन असा खटका असतो, तो अनेकदा झाकणाच्या आत. तो फिरवायचा राहिला की ट्रिगर दाबल्यावर मशिनमधली स्टीलची वायर सरकते आणि गन गप्प. नवी गन 'बंद निघाली' म्हणून परत करण्याआधी हे बघून घ्या.

हातात घेऊन काय तपासायचं

रिळाचा ब्रेक हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ट्रिगर सोडल्यावर रीळ जागच्या जागी थांबलं पाहिजे. जडत्वाने फिरत राहिलं तर वायरचे वेढे सैल होऊन झाकणाच्या आत एकमेकांखाली जातात. चांगल्या गनमध्ये स्प्रिंग आणि नट असतो, थोडाथोडा आवळता येतो. हलक्या गनमध्ये नुसता प्लॅस्टिकचा वॉशर असतो, आवळला की एकतर काहीच होत नाही नाहीतर रीळ जाम. आणखी एक गोष्ट: भरलेल्या रिळाची त्रिज्या साधारण ५० मिलिमीटर, संपत आलेल्याची त्याच्या निम्मी. ब्रेक तेवढाच राहिला तर वायरवरचा ताण दुप्पट होतो, शिवाय आतल्या वेढ्यांची गोलाई जास्त घट्ट असते. अर्ध्या रिळानंतर वायर हिसके द्यायला लागली तर रोलरला दोष देण्याआधी ब्रेकचा नट पाव फेरा ढिला करून बघा.

रोलरची खाच गुळगुळीत हवी. दातेरी रोलर फ्लक्स वायरसाठी (आत पावडर भरलेली वायर) असतो, ॲल्युमिनियमवर तो किसणीचं काम करतो आणि तो कीस टिपमध्ये जाऊन बसतो. दाब किती ठेवायचा ते असं ठरवा: करंट बंद ठेवून, किंवा निदान अर्थ क्लॅम्प काढून, वायर लाकडाच्या ठोकळ्यावर तिरकी टेकवा आणि ट्रिगर दाबा. वायर वाकून बाजूला सरकत राहिली पाहिजे. ठोकळ्यावर सरळ रोखली तर रोलर घसरला पाहिजे. घसरत नसेल तर दाब जास्त आहे, वायर चपटी होतेय.

टिप कुठल्या आट्यांची आहे ते विचारा. सहज मिळणारी एम६ टिप बसत असेल तर ती गन घेण्याचं निम्मं कारण तिथेच झालं. कंपनीची खास टिप लागणार असेल तर दहा टिपा गनबरोबरच घ्या, कारण शिकताना त्या खर्च होणारच. ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे ०.९ च्या स्टील वायरची टिप ०.९ च्या ॲल्युमिनियमला काही मिनिटांतच घट्ट होते. ॲल्युमिनियमसाठीची थोडी मोठ्या भोकाची टिप घ्यावी. नाहीच मिळाली तर एक माप मोठी.

वेगाचा नॉब गनवर असणं सोयीचं, पण तो मुठीच्या मागे, खोलगट जागेत असेल तरच. बाहेर आलेला नॉब जॉबला (जोडायच्या तुकड्याला) घासून फिरतो आणि बीड, म्हणजे जोडाची रेघ, मध्येच का बिघडली ते कळत नाही.

आता तो अँपिअरचा आकडा. १३० अँपिअर, ३० टक्के याचा अर्थ १३० अँपिअरवर दहा मिनिटांत तीनच मिनिटं वेल्डिंग. हे मूल्यांकन कुठल्या गॅसवर केलंय तेही बघा, कारण शुद्ध आर्गॉनमध्ये गन सीओटूपेक्षा जास्त तापते. आणि घरच्या कामात रीळच आधी संपतं. ०.९ मिलिमीटरची ॲल्युमिनियम वायर मीटरला साधारण १.७ ग्रॅम भरते, म्हणजे ४५० ग्रॅमच्या रिळात सुमारे २६० मीटर. मिनिटाला १० मीटरने पूर्ण रीळ २६ मिनिटांच्या आर्कमध्ये संपतं. १.२ मिलिमीटरचं घेतलं तर वायर १५० मीटरपेक्षा थोडी कमीच.

वायर, गॅस, सेटिंग

कारखान्यात मिगला सगळे 'सीओटू'च म्हणतात, आणि त्या नावानेच इथे फसायला होतं. ॲल्युमिनियमला सीओटू नाही, आर्गॉन-सीओटूचं मिश्रणही नाही, फक्त शुद्ध आर्गॉन. मिनिटाला १२ ते १८ लिटर. गन प्लसला. गॅस वापरून स्टील जोडत असाल तर ती आधीच प्लसला असते. बिनगॅसच्या फ्लक्स वायरवरून येत असाल तर मशिनमधली जोडणी उलटावी लागेल.

४०४३ मध्ये सुमारे ५ टक्के सिलिकॉन असतं, ती सहज वाहते आणि तडे कमी जातात. ५३५६ मध्ये सुमारे ५ टक्के मॅग्नेशियम, ती ताठ आणि मजबूत. ६०६१ ला दोन्ही चालतात. ५०५२ ला ५३५६ घ्या. जोड नंतर ॲनोडाइज करायचा असेल तर ४०४३ काळपट दिसते, ५३५६ रंगात जवळ राहते. कायम ६५ अंशांच्या वर तापणाऱ्या भागाला मात्र ५३५६ नको. ७०७५ किंवा २०२४ चा तुकडा असेल तर कुठलीही गन घेऊन उपयोग नाही, जोड तडकतो.

३ मिलिमीटरच्या पत्र्याला ०.९ ची वायर, २१ ते २३ व्होल्ट, मिनिटाला ९ ते १० मीटर, म्हणजे ११० ते १३० अँपिअर, इथून सुरुवात करा. १४० अँपिअरचं मशीन इथेच दमतं. दीड मिलिमीटरच्या खाली स्पूल गन घेऊन जाऊच नका, ते टिगचं (वायर हाताने देत करायच्या वेल्डिंगचं) काम.

वायरचा वेग सुरुवातीला मुद्दाम जास्त ठेवा. कमी ठेवला तर पहिल्याच क्षणी वायर वितळत मागे सरकते आणि टिपला चिकटते. वेग जास्त असेल तर तडतड ऐकू येते. थोडाथोडा कमी करत जा. तडतड थांबून सलग 'सूंऽऽ' आवाज यायला लागला की स्प्रे (धातू बारीक थेंबांनी सलग जाणं) सुरू झाला, तिथे थांबा. टिप नोझलच्या तोंडापासून ३ मिलिमीटर आत, टिप ते जॉब १५ ते २० मिलिमीटर. गन १० ते १५ अंश कलवून पुढे ढकलत न्यायची. ओढत नेली की गॅस बीडच्या मागे जातो आणि जोडावर काजळी बसते. ५३५६ ला थोडी काजळी तशीही येते, फडक्याने पुसली गेली तर ती चूक धरू नका.

बिघडतं तेव्हा

बीडमध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर ती हायड्रोजनची. वितळलेलं ॲल्युमिनियम हायड्रोजन भरपूर विरघळवतं, गोठताना तो बाहेर टाकतं आणि बुडबुडे अडकतात. हायड्रोजन येतो तेलातून, ओलीतून, आणि उघड्यावर पडलेल्या रिळावरच्या थरातून. सफाईचा क्रम उलटा करू नका: आधी ॲसिटोनने तेल पुसायचं, ते पूर्ण उडू द्यायचं, मग एसएसच्या ब्रशने हलक्या हाताने घासायचं. आधी घासलं तर तेल ब्रशने रगडून आत बसतं. हा ब्रश लोखंडाला कधीच लावायचा नाही. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर तर जवळही नको, आर्कच्या उष्णतेत त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

घासायचं का, तर ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्यावरचा ऑक्साइड २००० च्या वर. सुरुवातीचे दोन सेंटिमीटर बीड नुसती वर बसलेली, चिकटलेली नाही, असं दिसलं तर जॉब थंड होता. धातू उष्णता इतक्या झपाट्याने पळवतो की जोड सुरू होतो थंड आणि संपताना कड गळून पडते. जाड तुकड्याला थोडी शेक द्या, ११० अंशांच्या वर नाही. जसजसा जॉब तापेल तसा हात वेगाने चालवा. शेवटी ट्रिगर सोडण्याआधी दहा-पंधरा मिलिमीटर मागे या, नाहीतर शेवटच्या खड्ड्यात चांदणीसारखा तडा जातो.

६०६१-टी६ ची (उष्णता देऊन कडक केलेल्या ६०६१ ची) मूळ ताकद ३१० मेगापास्कलच्या आसपास असते. जोडाच्या शेजारी ती जवळजवळ निम्म्यावर येते. ते गनच्या हातात नाही, भार कुठे येणार ते आधी बघून जोडाची जागा ठरवा.

स्पूल गनमध्ये ट्रिगर दाबल्यावर अख्खं रीळ करंटवर असतं, म्हणून झाकण उघडं ठेवून वेल्डिंग करू नका. काही मशिनांत त्याच वेळी बाजूला लटकवलेल्या मिग गनची वायरही जिवंत होते. ती अर्थ लावलेल्या टेबलावर टेकलेली असेल तर तिथे दुसरा आर्क पेटतो. तिची वायर टिपजवळ कापा आणि गन लाकडी खुंटीला अडकवा. काम झालं की रीळ काढून पिशवीत, हवा दाबून बंद, सोबत सिलिका जेलची पुडी. आठवडाभर गनमध्येच राहिलं असेल तर वरचे दोन-तीन वेढे कापून टाका आणि मगच चाप ओढा.