योम किप्पुर, औषधं आणि 30 मिलीचा पेला

आजारी माणसानं योम किप्पुरला, म्हणजे ज्यूंच्या 25 तासांच्या कडक उपासाच्या दिवशी, पाणी प्यायलं की आपल्याकडे, कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंच्या घरात, मोठी माणसं अजून कुजबुजतात. इथे इस्राएलमध्ये त्याच दिवशी वॉर्डातली नर्स घड्याळ बघून पेला पुढे करते आणि कट्टर भाविकही निमूट पितो. ठाणे, पनवेल, अलिबागच्या आपल्या घरांसाठी ही पद्धत नीट लिहायलाच हवी.

सुरुवात डॉक्टरपासून करायची, तीही सणाच्या आठवडाभर आधी. 25 तास पूर्ण उपास चालेल का, थोडं थोडं घेऊन भागेल का, की नेहमीसारखं जेवायलाच हवं, हे स्पष्ट विचारा. मग रब्बींना, म्हणजे आपल्या धर्मगुरूंना, तेच शब्द सांगा.

थोडं थोडं म्हणजे 30 मिली पाणी, नऊ मिनिटं थांबून पुन्हा 30. तासाला सहा वेळा, म्हणजे 180 मिली पोटात जातं. खाणंही त्याच पेल्यात दाबून, 30 मिलीच्या खुणेच्या जरा खालपर्यंत भरायचं. खाणं आणि पिणं वेगळं मोजतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालतं. सिरपच्या बाटलीबरोबर येणारा खुणांचा पेला उत्तम. चहाच्या ग्लासातून अंदाजानं घेतलेला घोट हमखास मोठा होतो. सगळ्यात जास्त बिघडतं ते उशिरा सुरू केल्यानं. सकाळभर कोरडं राहून दुपारी चक्कर आल्यावर नऊ मिनिटांचं गणित पुरत नाही. ज्याला गरज आहे त्यानं आदल्या संध्याकाळपासूनच सुरू करावं.

मधुमेह असेल तर इन्सुलिनचा डोस आधी बदलून घ्या. नेहमीचा डोस आणि रिकामं पोट हा थेट धोका आहे. साखर उतरली की मोजमाप सोडून लगेच गोड द्या. डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरला आवर्जून सांगा. उपासात रक्तात आम्ल वाढू शकतं. लिथियम हे मानसिक आजाराचं औषध घेणाऱ्यांच्या शरीरातलं पाणी कमी झालं तर औषधाची रक्तातली पातळी चढते.

ही पळवाट आहे, असं कोणी म्हणालं तर मला ते मान्य नाही. डॉक्टर खायला सांगत असतील तर रुग्णाचा नकार चालत नाही. उलट रुग्ण स्वतः 'मला हवंय' म्हणाला, तर शंभर वैद्यांनी नको म्हटलं तरी त्याचंच ऐकायचं, असं तालमूद या आपल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात आहे. 1848 च्या कॉलऱ्यात विल्नामध्ये (आजचं लिथुआनियातलं व्हिल्नियस) रब्बी इस्राएल सलांतर यांनी लोकांना याच दिवशी खायला सांगितलं होतं.

पण म्हणून आपल्या आजी-पणजींना इथल्यांनी नावं ठेवू नयेत. कोकणात शतकानुशतकं तालमूद पोचलाच नव्हता. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणं आणि दारं लावून कडक उपास धरणं, एवढ्यावर त्यांनी धर्म टिकवला. 1960 च्या दशकात इथल्या रब्बींनी आपल्याच लोकांच्या लग्नांवर शंका घेतली होती, हेही विसरण्यासारखं नाही. त्यांचं वैद्यकाचं शहाणपण मात्र घेण्यासारखं आहे, आणि मी ते बिनदिक्कत घेते.

बरं वाटल्यावर एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावानं मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य, अवश्य करा. इथे इस्राएलमध्ये लोद आणि दिमोनातही आपली माणसं करतात. मधुमेही माणसाला भिजवलेले पोहे आणि खोबरं साखर घालण्याआधीच वेगळं काढून ठेवा.