सापडला! ३८ व्या मिनिटाच्या ट्रॅकचा छडा लागला

मागच्या दोन्ही नोंदींत ज्याच्यामागे हात धुऊन लागलो होतो तो ट्रॅक काल रात्री सापडला. तोच, एका डीजेच्या तासाभराच्या मिक्समध्ये (एकमेकांत मिसळून सलग वाजवलेल्या गाण्यांत) ३८ व्या मिनिटाला येणारा, शब्द नसलेला, ऑर्गन आणि दबक्या गिटारचा. सात आठवडे लागले. मिक्ससोबत ट्रॅकलिस्ट नव्हती आणि ट्रॅक ओळखणारं अ‍ॅप दर वेळी हात वर करत होतं.

पहिली चूक माझीच. कीबोर्डवर धरून पाहिलं तर सा काळी दोन आणि पांढरी तीनच्या बरोबर मधे. म्हणजे डीजेनं पिच, म्हणजे रेकॉर्डचा वेग, वाढवून वाजवलाय, हे नक्की वाटलं. शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये वेगाचा जवळपास ६ टक्के फरक असतो, म्हणून ३ टक्के हळू केला. काही नाही. नंतर डोक्यात आलं, की टेपवर रेकॉर्ड करणारी लेबलं (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या) कधी कधी टेपचा वेगच थोडा हलवतात. मूळ रेकॉर्डचा सा पट्टीवर बसेल याची खात्री काय? तो धागा सोडून दिला. टर्नटेबलचा नेहमीचा पिच उणे ८ ते अधिक ८, म्हणून एकेक टक्क्यानं सतरा फायली केल्या आणि सगळ्या ऐकवल्या. तरी शून्य.

मग काल जेवताना सुचलं. अ‍ॅप आवाजाच्या ठशांची तुलना त्याच्याकडे साठवलेल्या रेकॉर्डिंगशीच करतं. हा ट्रॅक सात इंची ४५ ची (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या रेकॉर्डची) बी साइड, म्हणजे मागची बाजू, असेल आणि फक्त व्हायनलवर असेल, तर त्याचा ठसा तिथे नसणारच. पण ए साइडचा असेल! आजच्या सोल ४५ मध्ये ए साइडला गाणं आणि बी साइडला त्याच वाजणीचं नुसतं वाद्यांचं रूप, ही जोडी सर्रास असते. म्हणजे गाण्यात जिथे गायक गप्प असतो, तेवढ्या जागी दोन्ही बाजू सारख्याच.

सुरुवात वापरता येत नव्हती, कारण आधीच्या गाण्याचं शेपूट त्यावर आलंय. पण मधे चार बारचा, म्हणजे सोळा ठोक्यांचा, एक ब्रेक आहे: ऑर्गन थांबतो, फक्त ड्रम आणि बेस उरतात आणि हाय-हॅट (ड्रमसंचातली झांजांची जोडी) किंचित उशिरा पडते. मोजला तर अकरा सेकंद. तेवढाच तुकडा कापला, पुन्हा सतरा वेग. ५ टक्के हळू केलेल्या तुकड्यावर, म्हणजे ८८ चा ८४ बीपीएम (मिनिटाला ठोके) झाल्यावर, अ‍ॅपनं गाण्याचं नाव दिलं. खुर्चीतून उठलोच. आणि हो, मूळ वेगातही सा पट्टीवर नाही!

लेबल हेलसिंकीचं टिमिऑन, वादक त्यांचा घरचा बँड कोल्ड डायमंड अँड मिंक. गायकाचं आणि गाण्याचं नाव आपल्या यादीत टाकलंय. ४५ मागवली. विक्रेत्याला रेकॉर्ड कव्हरबाहेर काढून, दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावून पाठवायला सांगितलं. गेल्या महिन्यात एका दुकानानं पातळ पाकिटात पाठवलेली ४५ वाकून आली, कव्हरची शिवण उसवली होती. तुम्हीही ऑर्डरसोबत दोन ओळी लिहाच.

आता हे लिहिता लिहिताच बेत बदलतोय. इथे खरं तर शुक्रवारच्या नव्या रिलीजची चाळणी मांडणार होतो. पण हा ट्रॅक मला गायकाच्या नावानं सात जन्मांत सापडला नसता, तो वादकांमुळे उलगडला. मग नवं संगीतही वादकांमागेच का शोधू नये? डॅप-किंग्ज हा बँड डॅपटोन लेबलवर ऐकायचो, तेच २००६ मध्ये एमी वाइनहाउसच्या अल्बमवर होते. त्याच बँडमधून आलेल्या लिऑन मिशेल्सनं पुढे २०१६ मध्ये डॅनी अकालेप्ससोबत बिग क्राउन हे लेबल काढलं. ब्राउन्सवूड लेबलच्या २०१८ च्या लंडन जॅझ संकलनात नऊपैकी पाच ट्रॅकवर नुबाया गार्सियाचा सॅक्सोफोन आहे. तिथून सुरुवात केली तर निम्मं लंडन हाती लागतं. जॅझ आणि हिपहॉपच्या सीमेवर शिकागोचा ड्रमर मकाया मॅक्रेवेन. इंटरनॅशनल अँथम लेबलवरच्या २०१५ च्या अल्बमसाठी त्यानं स्वतःच्याच मैफलींची रेकॉर्डिंग कापून, लूप लावून ट्रॅक रचले. त्याच्यासोबत कोण कोण वाजवतं, ते आता एकेक करून बघणार.

त्यामुळे लेबलांची यादी बाजूला. नवा तक्ता करतोय: ड्रमर, बेसिस्ट, ऑर्गन, रेकॉर्डिंग इंजिनियर. श्रेयनामांसाठी डिस्कॉग्ज ही रेकॉर्डच्या नोंदींची वेबसाइट उत्तम, एका नावावरून दुसऱ्यावर सहज जाता येतं. खरेदी नेहमीप्रमाणे बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या वेबसाइटवरच. डिजिटलवर त्यांचा वाटा १५ टक्के, आणि मार्च २०२० पासून सुरू झालेल्या बँडकॅम्प फ्रायडेला, म्हणजे त्यांनी ठरवलेल्या काही शुक्रवारी, तोही सोडतात, म्हणून मोठी खरेदी त्या दिवसासाठी राखून ठेवतो.

तक्त्यात पहिल्या बारा ड्रमरांची नावं भरली आहेत. हाय-हॅट उशिरा टाकणारे आणखी कोणी माहीत असतील तर कळवा, त्यांच्यासाठी वेगळा रकाना केलाय. त्याच मिक्समधला ५२ व्या मिनिटाचा बासरीवाला ट्रॅक अजून बाकी आहे. त्यात ब्रेक नाही, पण शेवटी सहा सेकंद नुसती बासरी आहे. आज रात्री तेवढंच कापून बघतो.