जेवणाच्या सुट्टीतली धाव

जानेवारीतली दुपार. भाव वाढेल या आशेवर पुढच्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत रचून ठेवलाय. त्याला टेकून मी डुलकी काढायच्या बेतात होतो. घरात कापूस असला की अंगाला खाज सुटते, त्यामुळे डोळा काही लागेना. तेवढ्यात मुंबईहून पुतण्याचा मेसेज आला. नकाशावर नारिंगी रेघ, खाली पाच किलोमीटर, एकतीस मिनिटं. फोर्टातल्या ऑफिसातून निघून सीएसएमटी, हुतात्मा चौक, ओव्हल मैदानाच्या कडेनं राजाबाई टॉवर, मग मरीन ड्राइव्हला पाय लावून परत. जेवणाच्या सुट्टीत!

आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला सांगितलं.

"जेवाच्या सुट्टीत पयते? मंग जेवते कवा?" आणि थोड्या वेळानं, "काऊन, कोनी मागं लागलं का त्याच्या?"

तिचंही बरोबर आहे. आमच्याकडे विनाकारण धावायची सोय नाही. माणूस धावताना दिसला की कडब्याची गंजी पेटली असणार, नाहीतर बैल सुटला असणार, नाहीतर एसटी. मागे डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी सकाळी डांबरी रस्त्यानं धावून पाहिलं. तिघांनी "काय झालं?" म्हणून विचारलं. चौथ्यानं गाडीच थांबवली, "बसा, सोडून देतो." आता त्याला काय सांगणार? बसलो. फाट्यावर चहा पिऊन परत आलो. चहाचे पैसेही त्यानंच दिले.

तसा जेवणाच्या वेळी मीही पुष्कळ धावलोय. चैत्रात शाळा सकाळची. घरी आलो की आई ज्वारीच्या भाकरी, झुणका, कांदा फडक्यात बांधून द्यायची, आणि दुसऱ्या हातात ताकाचा कडीचा डबा. बाबा वावरात वखर हाकत असत. वहाणा होत्या, पण त्या शाळेच्या. वावरात घालून झिजवायच्या नव्हत्या. म्हणून रस्ता सावल्यांनी ठरायचा. आधी मारुतीचा पार, तिथं वडाखाली दम खायचा. मग कोंडवाड्याची भिंत. भर दुपारी तिची सावली वीतभर, पाठ चिकटवून उभं राहावं लागे. पुढे नाल्यातली रेती, हा सगळ्यात वाईट तुकडा, तो टाचांवर काढायचा. मग पांदण. तिथं बाभळीची सावली मिळे, पण काट्यांसकट. शेवटी विहिरीवरचा कडुनिंब. पोचेपर्यंत ताक निम्मं सांडलेलं असे. बाबा डबा हलवून बघत आणि काही न बोलता उरलेलं पीत. एकदा सगळंच सांडलं. त्या दिवशी त्यांनी विहिरीच्या पाण्याबरोबर भाकर खाल्ली, आणि मग माझे तळपाय उलटे करून पाहिले.

पुतण्याच्या रेघेत मला जवळचं वाटतं ते एकच ठिकाण, राजाबाई टॉवर. २८० फूट उंच, १८७८ साली पुरा झाला. पैसा प्रेमचंद रायचंदांचा, नाव त्यांच्या आईचं. आणि प्रेमचंदांचा पैसा कापसाचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाडातून बैलबंड्या भरभरून गेल्या. आमच्या खापरपणज्याची बंडी त्यात होती की नाही कोण जाणे, मी मात्र होती असंच धरून चालतो. १८६५ मध्ये लढाई संपली, भाव कोसळला, प्रेमचंदही बुडाले. टॉवरचे पैसे त्यांनी आदल्याच वर्षी देऊन ठेवले होते, म्हणून तो उभा राहिला. (हे ठाऊक असूनही मी कापूस घरात ठेवून बसलोय.) राजाबाईंना दिसत नसे, आणि जैन असल्यामुळे जेवण तर सूर्यास्ताच्या आत व्हायला हवं, टॉवरच्या घंटेवरून त्यांना वेळ कळायची, असं सांगतात.

संध्याकाळी पुतण्याला फोन केला. विचारलं, "टॉवरच्या घड्याळात किती वाजले होते रे?"

"काका, घड्याळ हातात असतं. धावताना वर कोण बघतं?"

मग मी त्याला यादवी, गिरण्या, बंड्या, सगळं ऐकवलं. तो हो हो म्हणत राहिला. फोन ठेवला तशी आतून आईनं विचारलं,

"जेवला का थो?"

ते विचारायचं राहूनच गेलं.