थंडीत चित्रं बघायला जाताना

जाड कोट आणि पाठीवरची सॅक आधी सामानघरात द्या. ओल्या कपड्यांतून दालनात बाष्प येतं. लाकडी फळीवरचं चित्र त्या दमटपणाने फुगतं, हवा कोरडी झाली की आकसतं. हे वारंवार झालं की रंगाला भेगा पडून पापुद्रे सुटतात. म्हणूनच आर्द्रता साधारण ५० टक्क्यांच्या आसपास राखायची धडपड असते. सॅक सोडवतच नसेल तर पोटाशी घ्या. पाठीवर असली की वळताना कशाला लागली ते कळतही नाही.

गारठ्यातून आत आलं की चष्म्यावर वाफ धरते, कॅमेऱ्यावरही. कॅमेरा बंद बॅगेतच थोडा गरम होऊ द्या.

जलरंग आणि रेखाटनं असलेल्या दालनात घाईने शिरू नका. कागदाला प्रकाशाने झालेली इजा भरून येत नाही, त्यामुळे तिथे सुमारे ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो; तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो. बाहेरच्या उन्हातून थेट आत गेलात तर सगळं मळकट दिसेल आणि दोष उगाच चित्रकाराला जाईल! डोळे सरावायला पाच-दहा मिनिटं द्या.

तैलचित्रावर दिवा चमकत असेल तर दोन पावलं बाजूला सरका. तिरक्या कोनातून पाहिलं की कुंचल्याचे उंचवटे, सुरीने ओढलेला रंग, जुनी डागडुजी, सगळं उठून दिसतं. छतातून नैसर्गिक उजेड येणारी दालनं मात्र दुपारीच गाठा. हिवाळ्यात संध्याकाळ लवकर होते. टिपणांसाठी पेन्सिल न्या, शाईचं पेन बहुतेक ठिकाणी चालत नाही.